गायब झालेल्या दिवसांचा पगार कोणी दिला?

हिशेबनीस:

रोमन काळापासून चालत आलेलं ज्यूलियन कॅलेंडर सोडून आजचं ग्रेगोरियन घेताना मधले दहा, अकरा, तेरा दिवस उडाले, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ही गोष्ट सांगणारे पोप, लीप वर्ष आणि वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस) एवढ्यावरच थांबतात. आयुष्य खतावण्यांत गेलेल्या माझ्यासारख्याला पहिला प्रश्न वेगळाच पडतो. महिना वीस दिवसांचा झाला तर भाडं किती दिवसांचं घ्यायचं? व्याजाचं काय? आणि पगाराचं?

गंमत म्हणजे फर्मानं काढणाऱ्यांनाही हे प्रश्न पडले होते.

पोप तेरावे ग्रेगरी यांचं फर्मान २४ फेब्रुवारी १५८२ चं. त्यानुसार गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. तारखा उडाल्या, वार मात्र जागच्या जागी राहिले. संपात, ईस्टर, लीप वर्ष अशा भारदस्त मजकुरात मध्येच एक व्यवहारी कलम येतं: वार्षिक किंवा मासिक देण्यांवरून तंटा झाला तर न्यायाधीशांनी फेडीची मुदत दहा दिवस पुढे ढकलावी. सावकाराला दहा दिवसांचं व्याज फुकट मिळू नये, याची सोय खुद्द पोपने केली.

ब्रिटन पावणेदोनशे वर्षं अडून बसलं. तिथे बुधवार २ सप्टेंबर १७५२ नंतर गुरुवार १४ सप्टेंबर आला. त्यांच्या कायद्यातही तेच: भाडं, कर्ज, करार, कुणाचं सज्ञान होणं, काहीही अकरा दिवस आधी येणार नाही. पूर्ण दिवस भरले पाहिजेत. ठरलेल्या तारखांना भरणाऱ्या जत्रा आणि गुरांसाठी खुली होणारी गायरानंसुद्धा त्यात आहेत. जुनं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यात अकरा दिवस मिळवले की ५ एप्रिल येतो. ब्रिटनचं करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं ते याच कारणाने. (वरचा एक दिवस कुठून आला यावर दोन मतं आहेत, त्यात आत्ता शिरत नाही.)

रशियात लेनिनच्या सरकारने ३१ जानेवारी १९१८ नंतर थेट १४ फेब्रुवारी आणला. हुकूम छोटासाच, पण त्यातला बराचसा भाग देण्याघेण्याचा आहे. उडालेल्या तेरा दिवसांत येणारी देणी तेरा दिवस पुढे गेली. आणि पगार? तो तेरा दिवसांपुरता कापला. काम नाही तर दाम नाही. क्रांतीनंतरचे पहिले काही महिने चालू होते, तरीही.

पण खरा उस्ताद जपान. तिथलं जुनं कॅलेंडर चांद्रसौर, अधिकमासाचं. १८७३ साली अधिकमास येणार होता, म्हणजे वर्षात तेरा महिने. सरकारी नोकरांचा पगार नुकताच महिन्यावर आलेला आणि खजिन्यात खडखडाट. तेव्हा जुन्या बाराव्या महिन्याचा तिसरा दिवस हाच १ जानेवारी १८७३ ठरवला. बारावा महिना दोन दिवसांचाच उरला, म्हणून त्याचा पगार नाही. पुढच्या वर्षीचा तेरावा महिना नाहीसा झाला, म्हणून त्याचाही नाही. एका फर्मानात दोन पगार वाचले! अर्थव्यवहार सांभाळणाऱ्या ओकुमा शिगेनोबु यांनी हे कारण नंतर आठवणींत सांगूनही टाकलं आहे. फर्मान निघालं ९ डिसेंबर १८७२ ला, म्हणजे जेमतेम तीन आठवडे आधी. पुढच्या वर्षाची कॅलेंडरं छापून बसलेल्या छापखानेवाल्यांचं दिवाळं वाजलं.

माझं म्हणणं एवढंच की कॅलेंडर बदलण्याचा इतिहास वाचायचा तर देण्याघेण्याच्या कलमांपासून वाचावा. कोणाचा माल कोणाकडे गेला ते तिथे कळतं. आणखी उदाहरणं असतील तर टाका.

कुतूहल:

भारी धागा! एक विचारायचं होतं. ब्रिटनमध्ये ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणत लोक रस्त्यावर उतरले होते ना? दंगली झाल्या, माणसं मेली असंही वाचलंय. मग तो कायदा इतका न्याय्य कसा?

अनुस्वार:

@कुतूहल, ही दंगल पाठ्यपुस्तकांतच झाली. त्या काळची एकही विश्वसनीय नोंद सापडत नाही. मूळ आहे विल्यम होगार्थच्या १७५५ च्या सुमाराच्या एका चित्रात. निवडणुकीची मेजवानी चाललीय, खाऊन-पिऊन सगळे तर्र आणि खाली जमिनीवर एक फलक पडलाय, त्यावर हे ‘अकरा दिवस’. चित्राला पार्श्वभूमी १७५४ च्या ऑक्सफर्डशायरच्या निवडणुकीची. कॅलेंडरचं विधेयक पुढे रेटणाऱ्यांतले लॉर्ड मॅकल्सफील्ड, त्यांचा मुलगा तिथे उमेदवार. विरोधकांनी बापाचं कॅलेंडर मुलाच्या माथी मारलं. पुढच्या लेखकांनी प्रचारातला टोमणा इतिहास म्हणून छापला.

कुरकुर झाली, पण ती सणावरून. बकिंगहॅमशायरमध्ये क्वेन्टन नावाचं गाव आहे. तिथे एक काटेरी झाड होतं, ते नाताळच्या रात्री फुलतं अशी श्रद्धा. १७५२ च्या नव्या नाताळच्या आदल्या रात्री दोनेक हजार लोक कंदील घेऊन झाडाशी जमल्याचं त्या काळच्या मासिकात आहे. झाड फुललं नाही. झाडालाच नवा नाताळ मान्य नाही म्हटल्यावर लोकांनी तो पाळायचं नाकारलं आणि आसपासच्या पाद्र्यांना जुन्या तारखेलाही प्रार्थना ठेवावी लागली.

खऱ्या दंगली बघायच्या तर जर्मनीतलं आउग्सबुर्ग आणि बाल्टिक किनाऱ्यावरचं रीगा. आउग्सबुर्गमध्ये बहुसंख्य लोक प्रोटेस्टंट, नगरपरिषदेत मात्र कॅथलिक वरचढ. १५८३ मध्ये नगरपरिषदेने नवं कॅलेंडर घेतलं. प्रोटेस्टंट म्हणाले, पोपच्या हातून आलेला सूर्यसुद्धा नको. १५८४ च्या जूनमध्ये त्यांच्या मुख्य धर्मोपदेशकाला शहराबाहेर काढायला गेले तेव्हा लोक हत्यारं घेऊन रस्त्यावर आले. रीगात तर १५८४ च्या नाताळापासून १५८९ पर्यंत धुमसत राहिलं, सत्ता उलटली आणि शेवटी पुढाऱ्यांची डोकी उडवली गेली.

तेव्हा हिशेबनीस, पोपचं ते व्याजाचं कलम असूनही लोक लढले. पैशाचा प्रश्न सुटला होता, तरी!

हिशेबनीस:

@अनुस्वार, रीगाचं भांडण निव्वळ कॅलेंडरचं नव्हतं. शहर नुकतंच पोलंडच्या राजाच्या ताब्यात गेलेलं, एक जुनं चर्च कॅथलिकांना द्यावं लागलेलं आणि नगरपरिषदेतल्या मूठभर घराण्यांवर कारागिरांच्या संघांचा राग साचलेला. कॅलेंडर ही ठिणगी. दारूगोळा आधीच भरलेला होता.

चकवा:

तुम्ही गंभीर लोक गंभीर देशांबद्दल बोलताय. जरा स्वीडनकडे बघा.

त्यांनी विचार केला की एकदम अकरा दिवस कशाला उडवायचे? १७०० पासून १७४० पर्यंतचे लीप दिवस गाळत जाऊ, चाळीस वर्षांत आपोआप जुळेल. कुणाला कळणारही नाही. १७०० चा २९ फेब्रुवारी गाळला. लगेच रशियाशी महायुद्ध जुंपलं, बारावा चार्ल्स राजा मोहिमेवर आणि १७०४ व १७०८ चे लीप दिवस गाळायचे राहून गेले. आता स्वीडनची तारीख ना जुन्या कॅलेंडरशी जुळे, ना नव्या. जगात एकट्यांची!

शेवटी राजाने ठरवलं, जाऊ दे, परत जुन्यावर या. त्यासाठी गाळलेला दिवस परत द्यायला हवा. १७१२ लीप वर्ष होतंच, त्यात आणखी एक दिवस घातला. म्हणून स्वीडनमध्ये १७१२ साली ३० फेब्रुवारी ही तारीख खरोखर होऊन गेली. पुढे १७५३ मध्ये त्यांनी इतरांसारखे अकरा दिवस एकदम उडवले आणि १७ फेब्रुवारीनंतर १ मार्च आणला.

(सोव्हिएत रशियातही ३० फेब्रुवारी होता असं सर्रास फिरतं. ते खोटं आहे. तिथे आठवडा मोडला होता, महिने जसेच्या तसे होते.)

सांजवेळ:

जपानवर थोडी भर.

पगाराची चलाखी झाली खरी, पण सामान्य माणसाला बसलेला धक्का वेगळा होता. जुन्या पद्धतीत महिन्याचा पहिला दिवस म्हणजे अमावास्या आणि पंधरावा म्हणजे पौर्णिमा. तारीख सांगितली की आकाश कळायचं, भरती-ओहोटी कळायची. नव्या कॅलेंडरने तारखेचं आणि चंद्राचं नातं तोडलं. लेखक-विचारवंत फुकुझावा युकिचि यांनी सोप्या भाषेत नवं कॅलेंडर समजावणारी पुस्तिका काढली आणि ती धडाक्यात खपली, यावरून लोक किती गोंधळले असतील बघा.

सणांचं काय झालं हे तर फारच रोचक. तानाबाता हा दोन ताऱ्यांच्या भेटीचा सण, सातव्या महिन्याच्या सप्तमीचा. जुन्या हिशेबाने तो साधारण ऑगस्टमध्ये यायचा, आकाश निरभ्र असताना. नव्या कॅलेंडरात तो ७ जुलैला गेला आणि ७ जुलै म्हणजे जपानच्या पावसाळ्याचे दिवस. तारे दिसायची मारामार! सेन्दाई शहराने म्हणूनच आपला प्रसिद्ध उत्सव ऑगस्टमध्ये ठेवलाय. पितरांचा ओबोन तोक्योत जुलैच्या मध्याला होतो, देशाच्या बहुतेक भागांत ऑगस्टच्या मध्याला. चंद्रदर्शनाचा सण मात्र जुन्याच तिथीवर राहिला. त्याला पर्यायच नाही, पौर्णिमा काही फर्मान ऐकत नाही.

आणि नववर्ष? ते पूर्णपणे १ जानेवारीला गेलं. चीन, कोरिया, व्हिएतनाम सगळीकडे चांद्र नववर्ष टिकलं, जपानमध्ये जवळजवळ पुसलं गेलं. हे एकाच पिढीत कसं जमलं, याचं मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

आणखी एक. १८७२ च्या फर्मानात ‘दर चार वर्षांनी लीप’ एवढंच लिहिलं होतं, शतकी वर्षांचा अपवाद (४०० ने भाग जात नसेल तर शतकी वर्ष लीप नाही) राहूनच गेला. म्हणजे घेतलं ज्यूलियनच! १९०० तोंडावर आलं तेव्हा १८९८ मध्ये दुरुस्ती काढावी लागली. घाईत पगार वाचवायला गेलं की असं होतं.

तिरकस:

चीनचं उदाहरण हिशेबनीसांच्या बाजूने आहे, म्हणून मीच देतो, मग भांडतो.

१९१२ च्या १ जानेवारीला सुन यत-सेन यांनी प्रजासत्ताकासोबत नवं कॅलेंडरही आणलं. सरकारी कागदांवर ते चाललं, लोकांच्या घरात नाही. १९२८ नंतर राष्ट्रवादी सरकारने जोर धरला: जुन्या नववर्षाची सुट्टी रद्द, जुनी पंचांगं छापायला बंदी, त्या दिवशी दुकानं उघडी ठेवा. सगळ्यात मोठी अडचण कशाची आली? उधारीची. वर्षभराची देणी-घेणी जुन्या वर्षअखेरीला चुकती करायची, हा व्यापाऱ्यांचा पिढीजात शिरस्ता. त्यासाठी नवी तारीख नेमून दिली तरी खातेदाराचा खिसा जुन्या तारखेलाच उघडायचा. काही वर्षांत सरकारने नाद सोडला.

आता भांडण. सगळं पैशावर आणू नका, काका. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९३ ला नवं कॅलेंडर आलं ते धर्माची कंबर मोडायला. आठवडा सातऐवजी दहा दिवसांचा, म्हणजे रविवार कधी आला हे कळूच नये! संतांच्या नावाचे दिवस काढून त्या जागी धान्यं, भाज्या, गुरं, शेतीची अवजारं. महिन्यांना नावं पॅरिसच्या हवेवरून: धुक्याचा, हिमाचा, कोंबांचा. या नावांचा शिल्पकार फाब्र देग्लांतीन पुढे १७९४ च्या एप्रिलमध्ये गिलोटिनखाली गेला. तोही पैशांच्या भानगडीत, एका व्यापारी कंपनीच्या घोटाळ्यात, हे तुम्हाला आवडेल.

चकवा:

दिवसाचे दहा तास आणि तासाची शंभर मिनिटंही केली होती ना त्यांनी?

तिरकस:

हो. घड्याळंही बनली. पण १७९५ मध्ये सक्ती मागे घेतली, कुणी वापरतच नव्हतं. कॅलेंडर मात्र १८०५ च्या अखेरपर्यंत ओढत नेलं, मग नेपोलियनने १ जानेवारी १८०६ पासून जुनं परत आणलं. त्याआधीच १८०२ मध्ये पोपशी समझोता झाल्यावर सरकारी नोकरांना रविवार परत मिळाला होता.

हिशेबनीस:

@तिरकस, तुम्हीच लिहिलंत आणि तुम्हीच बघत नाही. सात दिवसांतून एक सुट्टी होती, ती दहा दिवसांतून एक झाली. मजुराच्या बाजूने हिशेब मांडा: वर्षाला ५२ सुट्ट्या होत्या, त्या ३६ वर आल्या. शिवाय चर्चचे सणवार बुडाले ते वेगळेच. धर्माची कंबर मोडायची होती हे मान्य, पण मोडली कामगाराची. खेड्यांत लोकांनी रविवार पाळणं सोडलं नाही, त्यात भक्ती किती आणि दमणूक किती हे कसं वेगळं काढणार?

तिरकस:

ठीक. मग हे उदाहरण घ्या आणि पैशाने सोडवून दाखवा.

सोव्हिएत रशिया, १९२९. कारखाने एक दिवसही बंद राहू नयेत म्हणून पाच दिवसांचा आठवडा काढला. कामगारांचे पाच गट, प्रत्येकाला एक रंग: पिवळा, गुलाबी, लाल, जांभळा, हिरवा. रोज एका रंगाची सुट्टी, उरलेले चार कामावर. आता गणित करा. पूर्वी सातात एक सुट्टी, आता पाचात एक. सुट्ट्या वाढल्या! तुमच्या नियमाने कामगार खूश व्हायला हवा. झाला का? नवरा पिवळा, बायको हिरवी, मुलांच्या शाळेचा रंग तिसराच. सुट्टीच्या दिवशी घरी एकटं बसायचं. मित्राला भेटायचं तर आधी त्याचा रंग बघायचा. एकत्र जेवायला, गाणं म्हणायला, चर्चला, अगदी पक्षाच्या सभेलासुद्धा सगळे एका दिवशी मोकळे सापडेनात.

सुट्टी वाढून सण बुडाला, काका. सुट्टी सगळ्यांची मिळून असते तेव्हाच ती सुट्टी. याचा भाव खतावणीत कुठल्या रकान्यात लिहाल?

हिशेबनीस:

तुमचं उदाहरण चोख आहे. पण तो आठवडा मोडीत कशाने निघाला? कुटुंबांच्या तक्रारी होत्या, मात्र सरकार हललं ते यंत्रांमुळे. एका यंत्रावर रोज वेगळा माणूस, मग ते बिघडलं तर जबाबदार कोण? यंत्रांना विसावा नाही, तेलपाणी करायला सवड नाही. १९३१ च्या जूनमध्ये खुद्द स्टालिनने या बेजबाबदारीवर टीका केली आणि डिसेंबरपासून सहा दिवसांचा आठवडा आला, त्यात सगळ्यांची सुट्टी एकत्र: ६, १२, १८, २४ आणि ३० तारखेला. सात दिवसांचा आठवडा परत यायला १९४० चा जून उजाडला आणि तेव्हाही सरकारला हवं होतं ते जास्त काम.

आता माझ्या आवडीचं प्रकरण, उस्मानी म्हणजे तुर्की सुलतानांच्या साम्राज्याचं. या धाग्यावर ते यायलाच हवं.

उस्मानी खजिन्याची जमा सौर वर्षाने. शेतसारा पिकावर आणि पीक सूर्यावर. खर्च मात्र चांद्र वर्षाने. जानिसारी, म्हणजे सुलतानाच्या खड्या फौजेचा पगार दर तीन हिजरी (इस्लामी चांद्र) महिन्यांनी आणि या चार हप्त्यांना महिन्यांची अक्षरं जोडून नावंही पडलेली: मसर, रेजेज, रेशेन, लेझेझ. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवस खर्च जमेच्या पुढे पळतो. बत्तीस सौर वर्षांत तेहतीस चांद्र वर्षं बसतात. म्हणजे बत्तीस वर्षांचा सारा आणि तेहतीस वर्षांचे पगार! एक अख्खं वर्ष असं की ज्यात खर्च आहे, जमा शून्य.

दप्तरात त्याला सोपा उपाय होता. वसुलीच्या वर्षाचा एक आकडा गाळून पुढचा लिहायचा, कागदावर मेळ बसतो. पण जानिसाऱ्याला ‘हे वर्ष गाळलं’ असं कोण सांगणार? हलील साहिल्लिओलू या तुर्की इतिहासकाराने दाखवलंय की खजिन्यातली टंचाई, पगार थकणं, नाण्यातली चांदी कमी करणं आणि फौजेची बंडं यांच्यामागे हे गाळलेलं वर्ष पुन्हापुन्हा सापडतं. बंडांची आणखी कारणंही होती हे उघड आहे. पण सुलतानाचा अंमल ढिला, वजीर लाचखाऊ अशी नैतिक कारणं रंगवून सांगताना हा साधा अंकगणिती खड्डा लोक विसरतात.

पुढे १८४० पासून आर्थिक व्यवहारासाठी सौर कॅलेंडर नेमलं. त्याची तारीख ग्रेगोरियनशी जुळवली १९१७ मध्ये, सन मात्र वेगळाच ठेवला. इसवी सन आला १ जानेवारी १९२६ ला आणि साप्ताहिक सुट्टी शुक्रवारवरून रविवारवर गेली १९३५ मध्ये. सुट्टी सगळ्यात शेवटी बदलली, हे मात्र तिरकस यांच्या खात्यावर जमा करायला हरकत नाही.

सांजवेळ:

उस्मानी प्रकरण माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

दर्यावर्दी:

कॅलेंडर न बदलताही दिवस उडतो. समुद्रावरच्या लोकांना हे सगळ्यात आधी कळलं. मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलंसुरलं जहाज जुलै १५२२ मध्ये केप व्हर्दला पोचलं, तेव्हा जहाजावर बुधवार आणि किनाऱ्यावर गुरुवार. मोहिमेतल्या पिगाफेत्ताने रोजच्या रोज नोंद ठेवलेली, त्यामुळे तो चक्रावलाच. पश्चिमेकडे जात पृथ्वीला फेरी मारली की एक दिवस कमी भरतो, हे मग ध्यानात आलं.

फिलिपिन्सला स्पॅनिश लोक मेक्सिकोमार्गे पोचले, म्हणून मनिलाची तारीख शेकडो वर्षं शेजारच्या आशियाई बंदरांच्या एक दिवस मागे होती. ते जुळवायला १८४४ चा ३१ डिसेंबर गाळला. अलास्कात उलटं. १८६७ मध्ये रशियाने तो अमेरिकेला विकला तेव्हा तारीख बारा दिवस पुढे गेली, पण वार एक मागे आला. म्हणून शुक्रवारनंतर पुन्हा शुक्रवार.

पण हिशेबनीसांच्या कामाचं उदाहरण सामोआचं. १८९२ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी त्यांनी वाररेषेची (जिथे तारीख आणि वार बदलतात त्या समुद्रातल्या रेषेची) अमेरिकेकडची बाजू धरली आणि ४ जुलै दोनदा साजरा झाला. शंभर वर्षांनी व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी. इथे शुक्रवार, तिथे शनिवार. इथे रविवारची प्रार्थना, तिथे सोमवारची कचेरी. आठवड्याचे दोन दिवस वाया. म्हणून २०११ चा ३० डिसेंबर, शुक्रवार, सरळ गाळला. गुरुवारी झोपले, शनिवारी उठले. आणि न झालेल्या शुक्रवारचा पगार कामगारांना द्यावा असं सरकारने ठरवलं!

खरा पेच पडला तो शनिवारी शब्बाथ, म्हणजे देवाने नेमलेला विश्रांतीचा दिवस, पाळणाऱ्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळींचा. देवाचा सातवा दिवस सरकारने नाव बदललं म्हणून हलतो का? तिथल्या चर्चने जुनीच मोजणी चालू ठेवली, त्यामुळे त्यांचा शब्बाथ आता रविवारी येतो. काहींना ते पटलं नाही, ते नव्या शनिवारला धरून वेगळे झाले. दोन्ही बाजू आपणच सातवा दिवस पाळतो म्हणतात आणि दोन्ही बरोबर आहेत.

कुतूहल:

मग रशियात नाताळ ७ जानेवारीला असतो, तोही याच भानगडीतला ना? आणि ग्रीसमध्ये मात्र २५ डिसेंबरलाच कसा?

अनुस्वार:

हो. सरकार बदललं, रशियन चर्चने जुनंच कॅलेंडर ठेवलं. म्हणून नाताळ ७ जानेवारीला, आणि १३ जानेवारीच्या रात्री ‘जुनं नववर्ष’ही होतं. ते सरकारी सुट्टीत नाही, लोक तरी मजेत पाळतात.

ग्रीसची तऱ्हा अशी. १९२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ऑर्थोडॉक्स चर्चांची परिषद भरली. पोपचं कॅलेंडर घ्यायचं नाही आणि चुकीचंही ठेवायचं नाही! तोडगा काढला सर्बियाच्या मिलुटिन मिलानकोविच यांनी. हिमयुगांची चक्रं मांडणारे तेच शास्त्रज्ञ. शतकी वर्षाला ९०० ने भागून बाकी २०० किंवा ६०० उरली तरच लीप. हे ग्रेगोरियनपेक्षाही सूर्याला जास्त धरून आहे आणि २८०० सालापर्यंत ग्रेगोरियनशी हुबेहूब जुळतं. पोपला मान न देता पोपची तारीख मिळाली. ईस्टर मात्र जुन्याच हिशेबाने. तरीही १९२४ मध्ये ग्रीक चर्चने ते लागू केल्यावर एक मोठा गट फुटून निघाला. ते लोक आजही जुनं कॅलेंडर पाळतात.

ताजं उदाहरण युक्रेनचं. २०२३ मध्ये कायद्याने नाताळची सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली. कारण सूर्याचं नाही आणि पैशाचंही नाही. मॉस्कोच्या तारखेला सण नको, एवढंच.

चकवा:

जुन्या कॅलेंडरवाल्यांसाठी सूचना: २१०० ग्रेगोरियनमध्ये लीप नाही, ज्यूलियनमध्ये आहे. फरक चौदा दिवसांचा होणार आणि २१०१ पासून तो नाताळ ८ जानेवारीला येणार. आत्ताच सुट्टीचा अर्ज टाकून ठेवा.

तिरकस:

सातव्या दिवसावरून आठवलं. मोझेस कॉट्सवर्थ हे इंग्लंडमध्ये रेल्वेत आकडेवारीचं काम करणारे गृहस्थ. कुठला महिना ३१ चा, कुठला २८ चा, कशात पाच रविवार, तुलना करायची कशी? वैतागून त्यांनी तेरा महिन्यांचं कॅलेंडर मांडलं. प्रत्येक महिना नेमका २८ दिवसांचा आणि वर्षाचा उरलेला एक दिवस कुठल्याच वाराचा नाही. कॅमेरे-फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या जॉर्ज ईस्टमनना ते इतकं आवडलं की कंपनीने १९२८ पासून १९८९ पर्यंत आपला अंतर्गत हिशेब त्यावरच ठेवला. राष्ट्रसंघापर्यंत प्रस्ताव गेला, १९३१ मध्ये जिनिव्हात परिषद भरली. हिशेबनिसांचा स्वर्ग!

आणि तो अडला कुठे? त्या बिनवाराच्या एका दिवसापाशी. ब्रिटनचे मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) जोसेफ हर्ट्झ यांनी रान उठवलं: एक दिवस बिनवाराचा गेला की पुढच्या वर्षी शब्बाथ शुक्रवारी पडणार, त्याच्या पुढच्या वर्षी गुरुवारी. प्रस्ताव बारगळला. भांडवल एका बाजूला, शनिवार दुसऱ्या बाजूला. शनिवार जिंकला.

हिशेबनीस:

कोडॅकची एकसष्ट वर्षं मी माझ्या बाजूला धरतो. जिनिव्हा तुमची.

नवा_सदस्य_सध्या:

धागा वर काढतोय. पगार कापल्याचं ताजं उदाहरण कुणी दिलेलं दिसत नाही. सौदी अरेबियात सरकारी नोकरांचा पगार हिजरी महिन्यांवर व्हायचा. तेलाचे भाव पडल्यावर काटकसरीचे उपाय निघाले, त्यात १ ऑक्टोबर २०१६ पासून पगार ग्रेगोरियन महिन्यांवर नेला. त्याच वेळी कापलेले भत्ते पुढच्या वर्षी परत दिले, कॅलेंडर मात्र तेच राहिलं. दर वर्षी अकरा दिवस जास्त काम, पगार तोच. फार काही नाही, असं वाटतं खरं.

हिशेबनीस:

फार काही नाही कसं? वर दिलेलंच गणित लावा. बत्तीस वर्षं नोकरी केली तर जुन्या पद्धतीने तेहतीस वर्षांचे पगार मिळाले असते. म्हणजे एका माणसामागे एक वर्षाचा पगार गेला.